हिरडीतले रक्त म्हणजे उष्णता नव्हे

चूळ भरताना थुंकीत रक्त दिसले की आपल्या वस्तीत दोनच निदाने होतात. घाबरट माणूस म्हणतो टीबी आणि बाकीचे सगळे म्हणतात उष्णता. टीबीची धास्ती घेतलेला निदान दवाखान्यात तरी येतो. उष्णतावाला सब्जा भिजत घालतो, गुलकंद खातो आणि ब्रश करणे सोडून देतो, कारण ब्रश लावला की रक्त येते. रक्त येते म्हणून ब्रश नाही, आणि ब्रश नाही म्हणून आणखी रक्त. असे चार-पाच वर्षे चालते. मग एक दिवस भाकरीचा घास चावताना पुढचा दात हलतो आणि घरातले म्हणतात, "वय झालं आता." वय असते अडतीस.

आम्ही बारा वर्षे वॉर्डात नोकरी केली आणि जवळजवळ तितकीच वर्षे मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांत फिरतो आहोत. घरोघर जाताना बायकांच्या वयाचा आणि त्यांच्या दातांचा मेळ बसत नाही. तोंडावर पदर धरून हसणाऱ्या बायकांना आम्ही बरीच वर्षे लाजाळू समजत होतो. त्या पुढचे दात झाकत असतात, हे लक्षात यायला वेळ लागला.

हा दोष आमचाही आहे. नर्सिंगच्या डिप्लोमात आम्हाला तोंडाची निगा शिकवली होती, पण ती अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची. ट्रे कसा मांडायचा, गॉजने जीभ कशी पुसायची, हे आमचे हात आजही झोपेत करतील. पण स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या पेशंटला "आ करा" म्हटल्याचे आठवत नाही. मेडिसिन वॉर्डात एक मावशी होत्या. त्यांची शुगर काही केल्या उतरत नव्हती. पायाला जखम नाही, लघवीत इन्फेक्शन नाही. आम्ही त्यांना रोज इन्सुलिन टोचत होतो आणि तोंडाला वास येतो म्हणून जरा लांबूनच बोलत होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनीच सांगितले, "सिस्टर, हिरडी दाबली की पू येतो." तो वास पहिल्या दिवसापासून काहीतरी सांगत होता आणि आम्ही नाक फिरवले होते.

तर हिरडीत नेमके होते काय? दात घासल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट थर पुन्हा धरू लागतो. जीभ फिरवली की बुळबुळीत लागतो तो. ब्रशने तो निघतो. नाही निघाला, तर लाळेतले क्षार त्यात बसून काही दिवसांत तो कडक होऊ लागतो. नळाच्या तोटीवर पांढरे कीटण धरते, तसेच हे. एकदा कीटण धरले की ब्रश, मीठ, कोळसा, कशाने निघत नाही. त्या खरखरीत जागेवर आणखी जंतू बसतात आणि त्यांच्याशी झगडणारी हिरडी लाल होते, सुजते, जरा धक्का लागला की वाहते. म्हणजे रक्त ब्रशमुळे आलेले नसते. सूज आधीच होती, ब्रशने ती उघड केली.

या टप्प्यावर बहुधा काही दुखत नाही, हीच या आजाराची लबाडी. किडलेला दात रात्रभर नाचवतो, म्हणून त्याच्यासाठी माणूस उसने पैसे काढून डॉक्टरकडे पळतो. हिरडी गुपचूप जाते. पण इथेच नीट सफाई सुरू केली, कीटण असेल तर ते काढून घेतले, तर साधारण दहा-पंधरा दिवसांत रक्त थांबते आणि हिरडी पहिल्यासारखी होते. काहीही गमावलेले नसते. दुर्लक्ष केले तर सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, खिशात घाण साचते आणि दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हा. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. मात्र झीज आहे तिथे थांबवता येते, आणि हलणारा प्रत्येक दात काढावाच लागतो असेही नाही.

इथे आमची वस्तीतल्या एका जुन्या समजाशी रोज भांडणे होतात. "दात साफ करून घेऊ नका, सैल होतात." हे वाक्य आम्ही आजींकडून ऐकले, रिक्षावाल्या दादांकडून ऐकले, कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडूनही ऐकले. बरे, त्यांचा अनुभव खोटा नाही. साफसफाई झाल्यावर खरेच दातांत फटी दिसतात, जीभ तिथे सारखी जाते, गार पाणी झोंबते, आणि एखादा दात आधीपेक्षा जास्त हलल्यासारखा वाटतो. का, तर इतकी वर्षे कीटणानेच त्या फटी बुजवलेल्या असतात आणि हलणारे दात एकमेकांना चिकटवून धरलेले असतात. शिवाय सूज उतरली की फुगलेली हिरडी खाली बसते आणि दात लांब दिसू लागतो. भिंतीला टेकलेला कचऱ्याचा ढीग उचलला की भेग दिसते, पण ती ढीग उचलल्याने पडलेली नसते. झोंबणे बहुतेकांचे काही दिवसांत कमी होते. हे पेशंटला आधी समजावून सांगायला हवे आणि ते काम डॉक्टरांचे आहे. गर्दीच्या ओपीडीत कोणी सांगत नाही. मग घाबरलेला माणूस दुसऱ्या फेरीला जात नाही आणि येऊन दहा जणांना सांगतो की दात सैल करून ठेवले.

आजार पुढे गेलेला असेल तर हिरडीच्या खालीही सफाई करावी लागते. बधिर करून, दोन-चार फेऱ्यांत. त्यानंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवत राहावे लागते. बीपीच्या गोळीसारखेच हे. एकदा केले आणि संपले असे नाही.

आता मिश्री. कोणी मशेरी म्हणते, कोणी मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची. आमच्या आईची डबी पावडरच्या डब्याएवढी होती. पहाटे पाण्याला जायच्या आधी पहिले बोट, दुपारची भांडी झाल्यावर दुसरे, रात्री सगळ्यांची जेवणे उरकल्यावर तिसरे. तवा तापला की घरभर ठसका लागायचा. आमची दाढ दुखली तेव्हा आईनेच बोटभर मिश्री लावून दिली होती, औषध म्हणून, मायेने. चाळिशी सरता सरता आईचे खालचे पुढचे दात एकेक करून गेले. कोणी ओढून काढले नाहीत, हलत हलत पडले. शेवटची काही वर्षे ती भाकरी दुधात कुस्करून खायची. दूध नसेल तेव्हा पाण्यात.

या सवयीवर भाषण देणारे पुष्कळ आहेत. बायका मिश्री का लावतात हे त्यांतले थोडे विचारतात. बायका सांगतात, लावल्याशिवाय संडासला होत नाही. ही बहाणेबाजी नाही. निकोटिनने आतड्याला चालना मिळते आणि शरीराला त्याची सवय लागते. सार्वजनिक संडासाच्या रांगेत सकाळी ठरावीक वेळीच उभे राहायचे असेल तर त्या डबीचा आधार वाटणारच. दुसरे कारण त्या बोलून दाखवत नाहीत, ते आम्ही पाहिले आहे. मिश्रीने भूक मरते. तीन घरची धुणीभांडी करून दुपारी चारला पहिला घास खाणाऱ्या बाईला भूक मेलेली सोयीची पडते. म्हणून घरच्यांनी मदत करायची असेल तर "सोड, सोड" म्हणून काही होत नाही. तिला वेळेवर जेवायला बसवा. विहारात पंचशील घेताना मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे शील आपण सगळेच म्हणतो. त्यावरून बायकांना टोमणे मारणारे पुरुष आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातली पुडीही पाहिली आहे.

मिश्रीने हिरड्या घट्ट होतात, हा समज कुठून आला तेही सांगतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आत आजार वाढत असतानाही रक्त कमी दिसू शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे ठळक दिसते. तंबाखू सोडल्यावर सुरुवातीला उलट रक्त जास्त येऊ शकते. बाई घाबरते आणि परत डबी उघडते. त्या दिवसांत तिला कोणीतरी सांगायला हवे की हे रक्त आजार वाढल्याचे नाही, झाकण निघाल्याचे आहे. ब्रश चालू ठेव आणि दाताच्या डॉक्टरला दाखव. तंबाखूची पूड सतत घासली जाते तिथली हिरडी मागे सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर उद्यावर टाकू नका. सरकारी आरोग्य केंद्रांतून तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. आशाताई फॉर्म भरायला आल्या तर तोंड दाखवायला संकोच करू नका, आणि त्यांनी तोंड पाहिलेच नाही तर "बघा" म्हणा.

तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोणता कायदा गाठणार? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर काय मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूरकडच्या वाचकांनी मिश्रीच्या जागी खर्रा वाचावा. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. आमच्या वस्तीत ज्यांनी सोडली त्यांनी आधी दुपारचे बोट सोडले, मग रात्रीचे. सकाळचे सर्वांत शेवटी. सकाळच्यासाठी उठल्या उठल्या कोमट पाणी आणि रात्रीच्या जेवणात पालेभाजी किंवा मोडाची उसळ, एवढाच उपाय. आठ-पंधरा दिवस पोट रुसते, डोके चढते, चिडचिड होते. मग बसते.

शुगर असणाऱ्यांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. शुगर वाढलेली असली की हिरडीचा आजार लवकर वाढतो आणि हिरडीत पू असला की शुगर आटोक्यात येत नाही. दोघांची हातमिळवणी असते. वॉर्डातल्या त्या मावशींसारखी आणखी किती माणसे केवळ गोळ्या वाढवत बसली असतील कोण जाणे. बीपीची अ‍ॅम्लोडिपीन किंवा फिट्सची फेनिटॉइन घेणाऱ्या काही जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. तसे दिसले तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला हिरडी दाखवा. गोळी बदलून मिळू शकते. गरोदरपणात हिरड्या जास्त फुगतात, रक्त येते. सासूबाई म्हणतात, "असंच असतं." असते खरे, पण तसेच सोडायचे नसते. गरोदर बाईला दात साफ करून घेता येतात, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. फक्त डॉक्टरला दिवस गेल्याचे आधी सांगायचे. आणि हिरडीतल्या रक्ताबरोबर अंगावर निळे डाग उठत असतील, ताप असेल, नाकातूनही रक्त येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

घरी काय करायचे, ते फार नाही. मऊ ब्रश घ्या. कडक ब्रशने जास्त स्वच्छ होते असे अनेकांना वाटते, पण त्याने हिरडी सोलते आणि दाताची मान झिजते. राखुंडीने, विटेच्या भुकटीने आणि कोळशानेही तेच होते. ब्रश दात आणि हिरडी जुळतात त्या रेषेवर तिरका धरायचा आणि हलक्या हाताने, थोडे थोडे हलवत सगळीकडून दोन मिनिटे फिरायचे. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बहुतेकांची राहते आणि कीटण तिथेच आधी धरते. फ्लोराइडची कोणतीही साधी पेस्ट चालते, मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीतल्या मुलीने ब्रशभर लावली म्हणून आपण लावायची गरज नाही. कडुनिंबाची काडी वाईट नाही, पण ती दाढांच्या आत पोहोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसते. फटीत अडकलेले काढायला सेफ्टी पिन, सुई, काडेपेटीची काडी वापरू नका. मेडिकलमध्ये फटींचे छोटे ब्रश मिळतात. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या केल्या की बरे वाटते, खुशाल करा, पण त्याने कीटण निघत नाही. आणि मेडिकलवाल्याने दिलेले औषधी माउथवॉश महिनोन्‌महिने वापरू नका, त्यातल्या काहींनी दात तपकिरी होतात.

घरातल्या प्रत्येकाचा ब्रश वेगळा हवा. हे लिहावे लागते, कारण चार माणसांत दोन ब्रश अशी घरे आम्हाला आजही भेटतात. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस फाकले की त्याआधीच, तो बदलायचा.

रात्रीच्या ब्रशबद्दल बोललो की बायका पाण्याचे सांगतात. पाणी पहाटे येते, रात्री पिंपात असते ते प्यायचे आणि स्वयंपाकाचे. तक्रार खरी आहे. आम्ही मोजून पाहिले, एक पेला पुरतो. दोन वेळांपैकी एकच जमणार असेल तर रात्रीची वेळ धरा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. ब्रशवर कोणी जेवू नका, एवढेच.

आता आमची एक तक्रार, ती आपल्याच कार्यकर्त्यांविषयी. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आरोग्य शिबिरे होतात. आम्हीही घेतली आहेत. दाताच्या टेबलावर काय होते? डॉक्टर टॉर्च मारून पाहतात, कागदावर तीन अक्षरे लिहितात, एक छोटी ट्यूब आणि एक ब्रश हातात ठेवतात. कोणाचा दात हलत असला तर "काढून टाका" सांगतात. फोटो होतो. तीनशे तपासण्यांचा अहवाल लागतो. त्या तीनशेंपैकी सफाईसाठी खुर्चीवर किती बसले, हे आम्ही आमच्याच एका शिबिरानंतर घरोघर जाऊन विचारले. सात. कागद बाकीच्यांनीही जपून ठेवला होता, पण कुठे जायचे, किती लागतील, कोण सोबत येणार, हे त्यावर नव्हते. तेव्हापासून आम्ही शिबिराचा आकडा बंद केला आहे. दर आठवड्याला पाच माणसे घेऊन ओपीडीला जातो. महिन्याला वीस होतात. फोटो काढण्यासारखे काही नसते.

"काढून टाका" या सल्ल्याविषयीही आम्हाला बोलायचे आहे. काही दात काढावेच लागतात, ते आम्ही नाकारत नाही. पण दात काढायला कमी वेळ लागतो, वाचवायला चार फेऱ्या लागतात, आणि पेशंटच्या कपड्यांकडे पाहून त्या फेऱ्या परवडणार नाहीत असे समोरचा स्वतःच ठरवून टाकतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा खुर्चीवर बसल्यावर विचारा: "डॉक्टर, हा वाचवता येईल का? हिरडीची सफाई केली तर काय होईल?" एवढे विचारले की अनेकदा उत्तर बदलते. खासगीत कवळी बसवण्याच्या खर्चात हिरडीची सफाई कित्येकदा होते.

मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय, या ठिकाणी हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि खासगीपेक्षा खूप कमी पैशांत काम होते. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दाताचे डॉक्टर असतात. सकाळी लवकर पोहोचा, नंबर लागतो. कामावरून एक खाडा पडेल असे धरूनच जा. घरून खाऊन जा, शुगरची गोळी चुकवू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या, रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर ती आधी दाखवा. पहिल्या दिवशी फक्त तपासणी आणि एक्स-रे होऊन पुढची तारीख मिळण्याची शक्यता जास्त. विद्यार्थी डॉक्टर हात लावतात म्हणून नाराज होऊ नका; ते सावकाश काम करतात आणि त्यांच्या मागे शिकवणारे उभे असतात. परत येताना पुढची तारीख केसपेपरवर लिहून घेतली आहे ना, ते गेटच्या आतच पाहा.